गाळोबा दारापाशी थांबतो

तिसऱ्या सिनेमातही राक्षस तळ्यातूनच वर आला, तेव्हा बेबीने हेडफोन काढून टेबलावर टाकले आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत मामा बसले होते.

"आला का?" त्यांनी विचारलं.

"आला. तसाच. डोक्यावर तेच शेवाळ."

"म्हणजे आता पोरगी बेशुद्ध पडणार."

"पडली."

"आणि डॉक्टर म्हणणार, हे शक्यच नाही."

"मामा, पुढचं तुम्हीच लिहा ना. मी झोपते जरा."

मामा हसले. त्यांचा काळा चष्मा नाकावरून खाली घसरला होता, तो त्यांनी बोटाने वर ढकलला.

बेबी म्हणजे कुणी लहान पोरगी नव्हे. पन्नाशीला टेकलेली, गुडघे कुरकुरणारी, चष्मा हरवला की साऱ्या घराला धारेवर धरणारी बाई. पण मामांनी लहानपणी लाडाने ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. तिचं काम जरा वेगळं होतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ती सिनेमांचं दृश्यवर्णन लिहायची. पडद्यावरची माणसं बोलायची थांबली की मधल्या फटीत एक आवाज सांगतो, ती खिडकी लावते, तो कोट काढून खुंटीला अडकवतो. ती वाक्यं बेबीची असायची.

या कामात ती पडली मामांमुळेच. मामांनी उभं आयुष्य बस चालवण्यात घालवलं आणि निवृत्त होऊन पाय पसरायची वेळ आली तेव्हा काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. मामी आधीच गेलेल्या. बेबी त्यांना आपल्या घरी घेऊन आली. संध्याकाळी टीव्हीसमोर शेजारी बसून ती त्यांना सांगायची, आता काय दिसतंय. तेव्हाच तिच्या लक्षात आलं की हे आपल्याला जमतं. जमतं म्हणजे, दिसतं तेवढंच सांगायचं आणि पदरचं काही घालायचं नाही. माणूस दुःखी आहे असं म्हणायचं नाही, त्याचे खांदे पडलेत असं म्हणायचं. दुःख ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. हा नियम ती डोळ्यांत तेल घालून पाळायची.

पण या सिनेमांनी तिची सत्त्वपरीक्षा मांडली होती. जुन्या काळची कृष्णधवल मालिका, एकाच राक्षसाची. सगळे भाग तिला काम देणाऱ्या कंपनीने एका गठ्ठ्याने तिच्या गळ्यात मारले होते. पहिला भाग तिने हौसेने केला. डोंगरातलं तळं, काठावरचं गाव, डॉक्टरची मुलगी संध्याकाळी एकटी काठावर येते. पाणी डहुळतं, तळातल्या गाळातून तो वर येतो. मुलगी बेशुद्ध पडते. तो तिला उचलतो, ओल्या गल्ल्यांतून चालत डॉक्टरच्या घरापर्यंत नेतो, दगडी पायऱ्या चढतो, दारापाशी थांबतो. हात वर करतो. तेवढ्यात खालून मशाली आणि बंदुका घेतलेली माणसं ओरडत येतात. तो मुलीला उंबऱ्यावर ठेवतो आणि पळत सुटतो. माणसं त्याला तळ्यापर्यंत हाकलतात. तो बुडतो. बुडबुडे. समाप्त.

दुसऱ्या भागात डॉक्टर बदलला, मुलगी बदलली, बाकी सगळं तेच. तिसऱ्यात तर पैसे वाचवायला त्यांनी गल्लीतली जुनीच दृश्यं पुन्हा चिकटवली होती. तेच मांजर त्याच भिंतीवरून उडी मारत होतं. एकच गोष्ट शंभर वेगळ्या शब्दांत कशी सांगायची, या विवंचनेत बेबीची दुपार जायची आणि हाती लागायचं एक पान.

कच्चं वर्णन ती स्वतःच्या आवाजात माइकवर बोलून सिनेमावर बसवायची आणि मग मामांना ऐकवायची. मामा तिचे पहिले श्रोते. राक्षसाचं नाव गाळोबा त्यांनीच ठेवलेलं.

"बेबी," तिसरा भाग ऐकून संपल्यावर ते म्हणाले, "हा पोरीला पळवत नाहीये. घरी पोचवतोय."

"माहितेय मला."

"मग सांग की तसं."

"तसं दिसत नाही मामा. तो चालतो, हे दिसतं. का चालतो ते दिसत नाही."

"दरवेळी दारापर्यंत जातो बिचारा. कडी वाजवायच्या आधी यांची वरात हजर."

"तुम्हाला त्याची दया येते आणि मला माझी येते," बेबी म्हणाली आणि कप उचलून मोरीत ठेवायला गेली.

चौथ्या भागात तिच्या एक गोष्ट लक्षात आली, आणि आली तीही चिडचिडीतूनच. दृश्यवर्णनाच्या धंद्यात फट कधी पुरत नाही. वाक्य कितीही छाटा, शेवटचा शब्द पुढच्या माणसाच्या बोलण्यावर चढतोच. मग शब्द बदला, क्रियापद कापा, पुन्हा बोला. प्रत्येक प्रसंगाला ही मारामारी. फक्त दारापाशी ती कधीच करावी लागली नव्हती. पहिल्या भागात तिने लिहिलं होतं, तो दारापाशी थांबतो. बसलं. दुसऱ्यात लिहिलं, तो दारापाशी थांबतो, उजवा हात वर करतो, तसाच धरून ठेवतो. तेही बसलं. तिसऱ्यात कंटाळून तिने दाराच्या फळ्या, त्यावरचे खिळे, त्याच्या कोपरावरून गळणारा चिखल, सगळं घातलं होतं. तरी शेवटचा शब्द संपला आणि मगच खाली पहिली मशाल दिसली.

तिने आपला आवाज बंद करून तो प्रसंग पुन्हा लावला. तो चढला, हात वर केला, लगेच मशाली. पापणी लवेपर्यंत सगळं संपलं.

आवाज चालू केला. तो उभा राहिला. चिखल गळत होता. तिचं वाक्य चाललं होतं आणि तो हात वर करून उभा होता.

यंत्राचा काहीतरी घोळ असणार, असं तिने ठरवलं. काही ठिकाणी वर्णन लांबलं की चित्र आपोआप थांबवायची सोय असते, हे तिने ऐकलं होतं. तिने कंपनीतल्या तपासणाऱ्या बाईला फोन केला. या बाईला बेबीने कधी पाहिलं नव्हतं. कायम पडसं झाल्यासारखा तिचा आवाज तेवढा ओळखीचा होता.

"तशी सोय आपण वापरतच नाही," तपासणारी बाई म्हणाली. "आणि तक्रार कसली? दाराच्या प्रसंगाला तुमची वाक्यं इतकी नेमकी बसलीत की मी सगळ्यांना दाखवली. बाकीचं मात्र तेच तेच होतंय. प्रत्येक भागात पाणी डहुळतं. जरा वेगळं काही लिहा."

"प्रत्येक भागात पाणी डहुळतंच हो. मी काय करू?"

"बघा काहीतरी," बाई म्हणाली आणि फोन ठेवला.

बेबीचं डोकं उठलं. चित्र गोठलं असतं तर चिखलही गळायचा थांबला असता, हे तिला फोन ठेवल्यावर सुचलं. पण परत फोन करून त्या बाईचं पडसं ऐकायची तिची तयारी नव्हती.

मामांना तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. पाचवा भाग ऐकताना ते एकदम पुढे झुकले.

"इथे परत लाव."

तिने लावलं.

"श्वास धरतो तो," मामा म्हणाले. "तू बोलायला लागलीस की धरतो. तुझं झालं की सोडतो. तुला ऐकू येत नाही?"

"तो जुन्या फितीचा खरखराट आहे."

"आयुष्यभर इंजिनं ऐकली मी. खरखर कुठली आणि श्वास कुठला ते कळतं मला." मग ते हळूच म्हणाले, "तुझ्या तोंडाकडे बघत बसलाय तो. पुढे काय करू, म्हणून."

"मामा, पुरे."

"एकदा आत जाऊ दे त्याला. काय बिघडतंय?"

"दिसतं तेवढंच मी लिहिते. तुम्हाला चांगलं ठाऊक आहे."

त्यानंतरचे काही दिवस मामा दुसरं काहीच ऐकायला तयार नव्हते. बातम्या नकोत, गाणी नकोत. तिने मुद्दाम एक विनोदी सिनेमा लावला तर अर्ध्यातून उठून, भिंत चाचपत ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले. "तुझं काम झालं की सांग," म्हणाले. बेबीला हे जास्त लागलं. दिवसभर ज्याच्याशी झटापट करायची, त्याच्याचबद्दल जेवतानाही बोलायचं. घरात सासू असती तर तिचंही इतकं नाव निघालं नसतं, असं ती एकदा फणकाऱ्याने म्हणाली. मामा नेहमीसारखे हसले नाहीत.

सहावा भाग सुरू होता तो दिवस उगवला तोच वाईट. सकाळी तपासणाऱ्या बाईने आधीचं अर्धं काम परत पाठवलं, भाषेत वैविध्य आणा म्हणून. नळाला पाणी नव्हतं. समोरच्या इमारतीत भिंत फोडायचं काम चाललं होतं, त्यामुळे माइकवर बोललेलं प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागत होतं. भर दुपारी, घाम पुसत, बेबी दाराच्या प्रसंगापाशी आली. तो पायऱ्या चढला. मुलगी त्याच्या डाव्या हातावर आडवी. तो दारापाशी थांबला. हात वर केला.

बेबी माइकसमोर काहीच बोलली नाही. मुद्दाम. बघू या म्हणून.

तो उभा राहिला. मशाली आल्या नाहीत. दाराच्या फळीवर चिखलाचा एक ओघळ हळूहळू खाली येत होता. भिंत फोडणाऱ्यांचा आवाज केव्हा थांबला, तिला कळलं नाही. तिला भीती वाटायला हवी होती, पण आधी आला तो संताप. इतक्या दिवसांचा, पाणी डहुळण्याचा, बुडबुड्यांचा, त्या पडशाचा.

"तो मुलीला खाली ठेवतो," ती माइकमध्ये म्हणाली. "मागे वळतो. आणि घरी जातो. एकदाचा."

त्याने मुलीला उंबऱ्यावर ठेवलं. तो मागे वळला. पायऱ्या उतरून तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीत तो शिरला नाही. तो सरळ पुढे येत गेला, कॅमेऱ्याच्या दिशेने, इतका जवळ की शेवटी पडदाभर फक्त त्याचा खांदा राहिला, ओला, काळा. मग तोही बाजूला झाला.

गल्ली रिकामी होती. मग मशाली आल्या. माणसं पायऱ्यांपाशी थांबली आणि इकडेतिकडे बघू लागली. पुढचा सगळा पाठलाग त्यांनी एकट्यांनीच केला. तळ्याच्या काठावर उभं राहून त्यांनी सपाट पाण्यावर गोळ्या झाडल्या.

बेबीने तो प्रसंग आपला आवाज बंद करून लावला. तसाच. पुन्हा लावला. तसाच.

ती स्वयंपाकघरात आली. मामा ताठ बसले होते. दाराआडून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"गेला?"

"गेला."

"कुठे?"

"घरी म्हणाले ना मी."

"त्याला घर कुठे आहे, बेबी?" मामा म्हणाले. "तळं म्हणजे काही घर नव्हे. तिथे त्याला हाकलतात."

तिने उगाचच ओटा पुसायला घेतला.

माइकवर बोललेलं ते वाक्य तिने काढून टाकलं आणि जे दिसत होतं ते लिहून पाठवलं, माणसं रिकाम्या गल्लीतून धावतात. तपासणारी बाई आता उखडणार, याची तिने मनाची तयारी केली होती. उखडली असती तर बरं वाटलं असतं. उत्तर आलं, छान, पुढचा भाग लवकर द्या.

सातव्या भागात संध्याकाळी मुलगी काठावर आली. पाणी डहुळलं नाही. तिने समोर बघितलं, किंकाळी फोडली आणि बेशुद्ध पडली. मग जमिनीवरून उचलली गेली. केस खाली लोंबत होते, एक चप्पल पायातून गळून पडली. तशीच आडवी, माणसाच्या छातीच्या उंचीवरून, ती गल्ल्यांतून पुढे जाऊ लागली. तेच मांजर त्याच भिंतीवरून उडालं. बेबीने लिहिलं, मुलगी हवेत आडवी तरंगत पायऱ्या चढते. दिसत होतं ते तेवढंच. तेही मंजूर झालं.

तिने हे काम सोडायचं ठरवलं. एकच भाग उरला होता. तो देऊन टाकायचा आणि मोकळं व्हायचं.

मामा मात्र खुशीत होते. पुन्हा पोटभर जेवू लागले. गाळोबाचं नावही काढेनात. आणखी एक गोष्ट त्यांनी बंद केली, जी ध्यानात यायला बेबीला वेळ लागला. डोळे गेल्यापासून दुपारी ते तिला हाक मारून विचारायचे, खिडकीतून काय दिसतंय ग. आता ते काही विचारत नव्हते.

शेवटच्या भागाला ती बसली होती, हेडफोन एका कानावरून सरकलेला. स्वयंपाकघरातून मामांचा आवाज येत होता. सावकाश, समजुतीचा.

"ही बस आहे. चढ लागला की अशी रडते. गिअर बदलला, ऐकलंस? आता दम खाईल... हा शेजारणीचा कुकर. घाबरायचं नाही. एवढीच शिट्टी असते त्याची... हे पाऊल बेबीचं नव्हे. वरच्या मजल्यावरचं आहे. बेबी उजव्या पायावर जोर देते."

बेबी उठून दारात गेली. मामा एकटेच होते.

"कुणाशी बोलत होता?"

"स्वतःशीच," ते म्हणाले, आणि पाय जरा आखडून घेतले, दाटीच्या जागेत आपण दुसऱ्यासाठी घेतो तसे. एरवी दूर भिंतीला लावलेली दुसरी वेताची खुर्ची त्यांच्या शेजारी ओढलेली होती. फरशी ओली होती.

"पाणी सांडलं वाटतं."

"सांडलं असेल."

तिने फडकं आणून पुसलं. फडक्याला बारीक काळी माती लागली. तिने ते पिळून मोरीत वाळत टाकलं आणि परत टेबलापाशी येऊन बसली, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचेना.

शेवटच्या भागात मुलगीच नव्हती. गाव होतं, गल्ल्या होत्या, खिडक्या लावून घेणारी माणसं होती. मग पायऱ्या दिसल्या. कुणीही नसताना कॅमेरा त्या चढत गेला. दार आलं. दार उघडलं, इतक्या भागांत पहिल्यांदाच. आत अंधार होता. तिथे चित्र संपलं.

तिने लिहिलं, दार उघडतं. आत अंधार आहे.

पाठवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणाऱ्या बाईचा फोन आला. बेबी फोन कानाला लावून खोलीत येरझारा घालत होती.

"काम झालं म्हणायचं," बाई म्हणाली. "फक्त शेवटचा प्रसंग अर्धा सोडलात तुम्ही."

"दार उघडतं. तिथे संपतो तो."

"नाही हो. दारानंतर स्वयंपाकघर आहे ना. चांगलं उजेडाचं. माझ्यासमोर लावलेलंच आहे. खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत एक म्हातारा बसलाय. काळा चष्मा. काहीतरी समजावून सांगतोय."

बेबी येरझारा घालायची थांबली.

"त्याचं दोन ओळीत होईल," बाई म्हणत होती. "पण शेजारच्याबद्दल तुम्ही एक शब्द लिहिलेला नाही. दिसत नाही त्या माणसाला कळायला नको का, आपल्या शेजारी कोण बसलंय ते?"

"काय करतोय तो?" बेबीने विचारलं.

"काहीच नाही. थांबलाय नुसता."

फोन कानालाच धरून बेबी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली.

खिडकीतून ऊन आलं होतं. मामा खुर्चीत बसले होते. शेजारची खुर्ची रिकामी होती, पण तिचं वेताचं विणकाम मधोमध खोल दबलेलं होतं आणि एक एक वेत ताणून करकरत होता.

बेबीचं पाऊल ऐकून मामांनी मान वळवली. तिच्याकडे नाही, शेजारच्या खुर्चीकडे.

"ही आली," ते हळूच म्हणाले. "आता सांगेल ती."